भाकर हाटेलात कधी आली?

अन्न विकू नये, असं माझे दोन्ही आजोबा मानायचे. वडिलांचे वडील, आबा, नांदेड जिल्ह्यातल्या कंधार तालुक्यातले. आईचे वडील, नाना, लातूरजवळच्या औसा तालुक्यातले. दोघांच्या गाठी लग्नाकार्यातच पडायच्या, पण या बाबतीत दोघांचं बोलणं एका तोंडचं वाटावं इतकं सारखं. चहा विकावा, भजी विकावीत, शेव-चिवडा, जिलबी विकावी. भाकर विकू नये. दारी आलेल्याला भाकर द्यायची, पैसे घेऊन वाढायची नाही. आबा म्हणायचे, ‘‘भाकर इकणाऱ्याच्या घरी बरकत राहत नाही गं पोरी.’’

आता नांदेडहून लातूरला निघालं की रस्त्याच्या दुतर्फा ढाब्यांच्या पाट्या लागतात आणि बहुतेक पाट्यांवर ‘चुलीवरची भाकरी’ मोठ्या अक्षरांत असते. पुण्याहून आलेले पाहुणे मला विचारतात, तुमच्याकडं चांगलं कुठं मिळतं? मी सांगते त्यांना चार ठिकाणं. पण मला त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. जी भाकर आमच्या आजोबांच्या लेखी विकायची वस्तूच नव्हती, ती या पाटीवर कशी येऊन बसली? त्याचं उत्तर मला म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातच तुकड्यातुकड्यानं सापडलं.

नानांच्या गोष्टी लातूरच्या गंजगोलाई बाजारापासून सुरू व्हायच्या. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1982 साली. पण बाजार म्हणून लातूरचं नाव त्याच्या कितीतरी आधीपासून. बार्शी लाईट ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी 1911 साली लातूरपर्यंत आली आणि कुर्डुवाडीच्या मोठ्या लाईनीला माल जाऊन मिळू लागला. मग 1917 साली फैयाजुद्दीन या नगररचनाकारानं गोलाईचा आराखडा आखला. मधोमध गोल इमारत आणि तिच्यापासून फुटणारे सोळा रस्ते. सोन्याचा रस्ता वेगळा, कापडाचा वेगळा, किराण्याचा, चपलांचा वेगळा. नाना तिथं शेंगा, तूर, करडई घेऊन गाडीनं जायचे. रात्री निघायचं, पहाटे लातूरच्या वेशीवर बैल सोडायचे. माल आडतीवर लागला, सौदा झाला, माप झालं की हातात हिशोबपट्टी यायची. तोवर दुपार टळलेली असायची.

भूक लागायची, पण जेवण सोबत असायचं. धोतराच्या जुन्या फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी, वर कारळाची चटणी, दोन कांदे. गाडीखाली सावलीत बसून कांदा बुक्कीनं फोडायचा आणि जेवायचं. हाटेलात जायचं ते जेवायला नाहीच. नानांचं वाक्य ठरलेलं होतं, ‘‘पट्टी चांगली झाली तर भजे, नाही तर आडतीवरचं पाणी.’’ पट्टी चांगली झाली की कागदावर भजी घ्यायची, भाकरीशी खायची आणि पोरांसाठी शेव-जिलबीचा पुडा बांधून घ्यायचा. हाटेल म्हणजे चुलाणावर सदा उकळणारा चहा, लाकडी बाकडी, फरसाणाच्या बरण्या आणि बशीत ओतून फुर्रकन प्यायलेला चहा. पोट भरण्याशी त्याचा संबंध नव्हता. बाजार पार पडला, जिवाला जरा बरं वाटू द्यावं, यासाठी हाटेल.

एक गोष्ट नाना हळू आवाजात सांगायचे. त्यांची दुसरी गाडी हाकायला गावच्या महारवाड्यातला एक जण असायचा. दोघं एका वयाचे, रात्रभर मागेपुढे गाड्या हाकत आलेले. हाटेलापाशी आलं की नाना आत बाकड्यावर आणि तो बाहेर. त्याचा कप भिंतीतल्या कोनाड्यात. कप त्यानंच घ्यायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, प्यायचा आणि त्यानंच विसळून परत ठेवायचा. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा 1955 साली आला. कोनाड्यातला कप त्यानंतरही कुठं कुठं राहिला, असं नाना सांगायचे. ‘‘एका चटणीला दोघांनी हात घातल्याला गाडीखाली, आन् हाटेलात मी आत, तो भाईर. मला तवा उठून यायचं सुचलं न्हाई.’’ आमच्या भागातल्या जुन्या हाटेलांची चव आठवून गहिवरणारे लेख मी वाचते, तेव्हा मला तो कोनाडा आठवतो. त्या हाटेलांचा इतिहास लिहायचा तर तो आधी लिहायला हवा.

आबांचं शहर नांदेड. मुलूख निजामाचा, कचेरीची भाषा उर्दू, खिशात हाली पैसा. सात हाली रुपयांचे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हा हिशोब आबा शेवटपर्यंत बोटांवर करून दाखवायचे. कोर्टाची तारीख असली की ते नांदेडला जायचे. मनमाड-सिकंदराबाद ही मीटरगेज लाईन 1900 साली झालेली, त्यामुळं टेसनावर हैदराबादकडचा माणूस, माल आणि मसाला कायम उतरत असे. फडक्यातली भाकर आबांसोबतही असायची, पण नांदेडात ती सोडायची वेळ कधी कधी यायचीच नाही, कारण नांदेडात लंगर होता.

गुरू गोविंदसिंगांचं देहावसान 1708 साली नांदेडला झालं. आज दिसतो तो सचखंड हुजूर साहिबचा मुख्य गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधवला. लंगरची सेवा वाढवली ती संत बाबा निधानसिंगांनी. ते पंजाबात परत जायला म्हणून नांदेडच्या टेसनावर गेले आणि तिथं त्यांना गुरूंचा दृष्टांत झाला, म्हणून ते माघारी फिरले, ही आख्यायिका नांदेडात आजही सांगतात. आबांना ती पाठ होती. पण त्यांच्या मनात ठसलं होतं ते वेगळंच. कोर्टाच्या कामाला सोबत आलेला गावातला कुळवाडी, मुसलमान कारागीर, मातंग समाजातला सोबती, सगळे एका रांगेत खाली बसायचे आणि वाढणारा कुणालाही नाव-गाव विचारायचा नाही. हात पुढं केला की परशादा म्हणजे पोळी, पात्रात दाळ. भांडी घासायला चांगल्या कपड्यांतली माणसं बसलेली. आबा म्हणायचे, ‘‘तितं अन्न इकत नाहीत, म्हणून मला तितं जेवायला लाज वाटली नाही.’’ एकाच मुलखात एकीकडं चहाचे कप वेगळे आणि एकीकडं ही पंगत. दोन्ही जवळजवळ एकाच काळातलं. नांदेडच्या खाण्याबद्दल मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच आहे, आणि बिर्याणीची चर्चा करणारे तिच्यावरून पुढं निघून जातात.

बिर्याणीचंही सांगते. आबांना नांदेडच्या इतवाऱ्याकडची तहारी आवडायची आणि हे ते आजीसमोर कधी कबूल करायचे नाहीत. मुसलमान मित्रांच्या घरच्या लग्नात बगारा खाणा आणि दालचा हे त्यांचं खरं सुख होतं. दालच्यात दुधीचा तुकडा, चिंचेचा आंबटपणा आणि डाळीत मुरलेलं मटण. आमच्या घरच्या चिंचगुळाच्या वरणाला ओळखीचं वाटावं असं ते कालवण. आजही रमजानात देगलूर नाक्याकडं संध्याकाळी गेलात, तर हलीमच्या देगांभोवती सगळ्या धर्मांची माणसं वाट्या घेऊन उभी दिसतील. नांदेडच्या जिभेवर हैदराबाद आहे, शेजारचं निजामाबाद आहे, बिदर आहे आणि धर्माबादच्या बाजारातली लाल मिरची आहे.

पैसे देऊन भाकर जेवायला आमच्या घरातलं पहिलं माणूस बसलं ते मात्र हाटेलात नव्हे, खानावळीत. आबांचे धाकटे भाऊ उस्मानशाही मिलमध्ये लागले. मिलचा भोंगा, तीन पाळ्या, आणि खेड्यातून एकटे आलेले शेकडो गडी. त्यांना घर नव्हतं आणि मिलपुढं चूलही मांडता येत नव्हती. मग कुणा विधवा बाईनं आपल्याच ओसरीवर पाट मांडले. धाकटे आजोबा जिच्याकडं जेवायचे, तिला सगळे मावशी म्हणत. भाकर हवी तितकी, कोरड्यास एकदाच, सणाला पुरण. महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे द्यायचे, पण ते हातात द्यायचे नाहीत. फडताळात हळदीच्या डब्याशेजारी ठेवायचे. मावशी मोजायची नाही, निदान समोर तरी नाही. ‘‘ठिवा तितं,’’ एवढंच. धाकटे आजोबा सांगायचे की कुणाचे पैसे राहिले तर मावशी मागायची नाही, फक्त त्याच्या पानात भाकर वाढताना ‘‘पोटभर जेव,’’ असं जरा मोठ्यानं म्हणायची. भाकर विकायला लागली होती; ती विकतोय असं मात्र अजून कुणी म्हणत नव्हतं.

मिल केव्हाच बंद पडली. त्या ओसरीच्या जागी आता दुकानांचे गाळे आहेत.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल आई बोलते तेव्हा तिचा चेहरा बदलतो. नानांच्या शेतात त्या साली काही पिकलंच नाही. दुष्काळी कामावर खडी फोडायची, तिथं सुकडी मिळायची आणि घरी रेशनची मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. तिची भाकर थापताना कड फाटायची आणि चव घशाखाली उतरायची नाही. नाना खडी फोडायला गेले, हे सांगताना आईला अजून अवघड जातं. त्या वर्षी ते म्हणाले होते, ‘‘भाकरीला बी किंमत असती, हे आवंदा कळलं.’’ मला वाटतं, अन्न विकू नये हा नियम मोडला तो तिथंच. भरलेल्या घराला तो नियम परवडत होता. रिकाम्या घराला मजुरी लागते, आणि मजुरीसाठी बाहेर पडलेल्या माणसाला बाहेरची भाकर लागते.

बायकांचं सगळं वेगळंच. माझी आजी, आबांची बायको, म्हातारपणापर्यंत हाटेलाची पायरी चढली नव्हती. ऐंशीच्या दशकात नांदेडच्या वजिराबादेत ‘फॅमिली रूम’ आल्या: आतल्या बाजूला प्लायवूडची खोकी, पुढं हिरवा पडदा. माझी आत्या नोकरीला लागली आणि पहिल्या पगाराला आजीला आणि मला तिथं घेऊन गेली. पोऱ्या आला आणि एका दमात म्हणाला, इडली, वडा, साधा डोसा, मसाला डोसा, पुरीभाजी, पनीर, तंदूर रोटी. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘भाकर हाय का?’’ तो हसला. ‘‘भाकर हाटेलात मिळत नसती, आजी.’’ आजीला त्याचं हसणं लागलं नाही, उलट समाधान वाटलं. तिनं डोसा खाल्ला, चांगला आहे म्हणाली आणि घरी येऊन चुलीवर दोन भाकरी टाकल्या.

त्या काळी हाटेलवाले खरोखर भाकर ठेवत नव्हते. ती गरिबाची, घरची, रोजची. बाहेर पैसे मोजून खायची ती तंदूर रोटी. पुढं आमच्या शेतांतून ज्वारीच कमी होत गेली. लातूर-नांदेडच्या शिवारात सोयाबीन पसरलं, कारण त्याला बाजार आहे आणि ज्वारी काढणीला माणूस मिळत नाही. घरात भाकर थापणाऱ्या पोरी शिकून नोकऱ्यांना गेल्या, हे चांगलंच झालं. रोजची होती तोवर भाकरीला हाटेलात जागा नव्हती. घरातून कमी झाली तशी ती पाटीवर आली. हुरड्याचंही तेच. पौषात शेतात आगटी पेटवून, गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजून, गरम दाणे तळहातावर चोळून पाहुण्याला द्यायचे. आता हुरडा पार्टीची माणशी तिकिटं निघतात.

याबद्दल मी नाक मुरडत नाही, कारण ढाब्याच्या मागच्या बाजूला कोण बसलेलं असतं ते मी पाहिलं आहे. अहमदपूरच्या अलीकडं एका ढाब्यावर मी मुद्दाम चुलीपाशी जाऊन बसले होते. पन्नाशीची बाई, शेजारच्याच गावातली. परातीत पीठ, बाजूला आधणाचं पाणी. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून गरम पाण्यानं ते भिजवायचं आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं रगडून रगडून मऊ करायचं. गोळा हातावर फिरवून कड मारायची, मग परातीत पीठ पसरून एका हातानं थापत दुसऱ्या हातानं वळवायची. उचलून तव्यावर टाकली, वर पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकलं तशी उलटली. दुसरी बाजू झाली की तवा सरकवून आराला उभी लावली आणि ती टम्म फुगली. तिनं पापुद्र्याला बोटानं जरासं भोक पाडून वाफ काढली. बोलता बोलता हे सगळं चाललेलं. रात्री गर्दीला शंभरावर भाकरी होतात, म्हणाली. कंबर धरते. पण शेतातल्या मजुरीपेक्षा हे बरं, सावली तरी आहे. मुलगी लातूरला नीटच्या क्लासला आहे.

तिच्या मुलीसारख्या हजारो पोरांमुळं लातूरचं खाणं आणखी बदललं. परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’चं नाव झालं तसं ट्यूशन एरियात गल्लोगल्ली मेस उघडल्या. या मेस म्हणजे मिलच्या मावशीच्या खानावळीचीच पुढची पिढी आहे, फक्त पैसे फडताळात ठेवत नाहीत, मोबाइलवर येतात. सकाळी आठच्या आत हातगाड्यांवर निलंगा राईस संपत आलेला असतो. पिवळाधमक, लसूण-मिरचीचा भात, क्लासच्या आधी उभ्यानं खायचा. आणि सुशीला. बाहेरच्यांनी लातूरला येऊन सुशीला खाल्ला नाही तर मला वाईट वाटतं. चुरमुरे पाण्यातून काढून लगेच घट्ट पिळायचे, जास्त भिजले की लगदा होतो. तेलात मोहरी, जिरं, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांदा, हळद. मग चुरमुरे आणि शेवटी डाळव्याचं कूट. कूट पडलं की तो कोरडा, मोकळा होतो. वर कोथिंबीर. ती कास्तीची असली तर वासावरूनच कळतं. या लातूरच्या कास्ती कोथिंबिरीला, निलंग्याकडच्या बोरसुरी तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. नानांनी गाडीतून नेलेली तूर कुठली होती कोण जाणे, पण आईच्या वरणाला चव का होती याचा कागदोपत्री पुरावा मिळाल्यासारखं मला तेव्हा झालं.

तुळजापूरकडं जाणाऱ्या गाड्या औसा तालुक्यातल्या उजनीला बासुंदीसाठी थांबतात. थांबाव्यातच.

लातूरच्या हाटेलांनी एक वाईट काळही बघितला. 2016 च्या उन्हाळ्यात शहराला पाणी उरलं नाही. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत मामांच्या ओळखीच्या एका हाटेलात टेबलावर पाण्याचा पेला ठेवणं बंद झालं होतं आणि ताटं धुवायला नकोत म्हणून पत्रावळ्या आल्या होत्या. बसल्या बसल्या पाणी पुढं येणं हीच आमच्याकडं हाटेलाची पहिली ओळख. तो पेला मागावा लागला, याची मामांना अजून खंत आहे.

आणि तरी वर्षातून एक दिवस असा येतो की लातूरकर हाटेलात जातच नाही. मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, आमची येळवस. जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते, गोलाई सामसूम होते. सगळं शहर शेतात. कडब्याची कोप, तिच्यात चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, आणि मातीच्या माठात ताकात आंबवलेली ज्वारीची आंबील. भज्जीत त्या दिवशी शिवारात जे कोवळं मिळेल ते सगळं पडतं: हरभरा, वाटाणा, तुरीचे दाणे, पालेभाज्या, बेसनाचा हात, चिंच. सोबत उंडे, गव्हाची खीर, धपाटे. ज्यांना शेत नाही त्यांना दुसऱ्याच्या शेतात बोलावणं असतं, आणि बोलावणं नसलं तरी चालतं. बांधावरून जाणाऱ्या परक्या माणसाला हाक मारून बसवतात. नाना गेल्याला बरीच वर्षं झाली, पण मामांच्या शेतात येळवशीला किती जण जेवले याची गिनती अजूनही कुणी ठेवत नाही.

नांदेडला 2008 साली गुरु-ता-गद्दीचा, म्हणजे ग्रंथसाहिबांना गुरुपद मिळाल्याचा, त्रिशताब्दी सोहळा झाला, रस्ते रुंद झाले, मोठी हाटेलं आली, विमानतळ सुधारला. लंगर तिथंच आहे, तसाच मोफत. अमृतसरच्या सचखंड एक्स्प्रेसच्या प्रवाशांनाही वाटेतल्या टेसनांवर सेवेकरी डब्यापाशी येऊन जेवण देतात.

म्हणून कुणी मला नांदेड-लातूरला कुठं खावं असं विचारलं, तर मी एवढंच सांगते. नांदेडला एक वेळ तरी लंगरच्या पंगतीत बसा आणि उठल्यावर थोडा वेळ भांडी घासा. तिथं कुणीही घासू शकतं. लातूरला सकाळी सुशीला खा, आणि येळवस असेल तर हाटेल शोधू नका, कुठल्याही बांधावर जाऊन उभे राहा. ढाब्यावर भाकर मागवलीत तर ताटात टाकू नका. आणि पोऱ्याला बक्षिसी देता, तशी मागच्या बाजूला जाऊन थापणारीलाही द्या. ती बाहेर येत नाही आणि बिलाचे पैसे तिच्या हाती पडत नाहीत.